एक किलोच्या आतला तंबू

रामटेके सरांनी माझा पावडरचा डबा शाळेच्या व्हरांड्यात काढून ठेवला, तेव्हा वडशाच्या त्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम बावीस दिवस झाले होते. नववीची सहल निघायची होती. सहल म्हणजे बस, गाणी, पुरी-भाजी आणि संध्याकाळी घर, एवढंच मला ठाऊक. इथे मात्र व्हरांड्याच्या आडव्या वाशाला प्रयोगशाळेतला ताणकाटा टांगलेला आणि मुलं आपापली पिशवी घेऊन रांगेत उभी. मुलींसोबत बाई हवी, या नियमाने मलाही धरून आणलेलं. माझी पिशवी काट्याला लावली तशी मुलं खुदखुदली.

“साडेआठ,” सर म्हणाले. “मॅडम, का भरून राह्यल्या जी यात? माहेराले तांदूळ नेऊन राह्यल्या का?”

पावडर गेली. उशी गेली, स्टीलचा डबा गेला, दुसरी साडी गेली. आरशावरून थोडा वाद झाला, तो मी हरले. काटा पाच किलोवर आला तेव्हा सरांनी पिशवी उतरवून माझ्या हातात दिली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. मी मनात म्हटलं, हा माणूस वेडा आहे, आणि पुढच्या वर्षी मी आजारी पडणार आहे. तशी मी काही पडले नाही. अकरा वर्षं दर हिवाळ्यात त्यांच्यामागे कुरकुरत चालत गेले. सर गेले त्याला या थंडीत वर्ष होईल.

ते भूगोल शिकवत. वर्गात नकाशा आणत नसत. फळ्यावर एका रेघेत वैनगंगा काढत आणि तिच्या काठाने सगळा मुलूख मांडत. उंच, हाडकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी नायलॉनच्या दोरीची गुंडाळी. चहा बशीत ओतून पीत आणि पिऊन झाला की रिकामी बशी तळहातावर तोलून पाहत. हाती येईल ती वस्तू तोलायची आणि आकडा सांगायचा, ही त्यांची खोड. खडूची पेटी, वांगं, मुख्याध्यापकांचा चष्मा, काही सुटत नसे. माझ्या भाचीच्या बारशाला आले, तर आशीर्वाद द्यायचा सोडून पाळण्यातलं बाळ उचललं आणि म्हणाले, “चार किलो दोनशे.” माझी बहीण चिडली. असं मोजतात का लेकराला, दृष्ट लागते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाळाला लस द्यायला नेलं, तर दवाखान्याच्या काट्यावर चार किलो दोनशे दहा भरलं. मी सरांना सांगितलं.

“दहा ग्राम लंगोटाचे,” ते म्हणाले. “वजन खोटं बोलत नाई जी.”

सहलीचा त्यांचा नियम एकच होता. तीन दिवस, रोज सहा-सात किलोमीटर चालायचं. तांदूळ, भांडी, ब्लँकेटं गाडीतून पुढे जातील. पण पाणी आणि छप्पर, या दोन गोष्टी ज्याच्या त्याने पाठीवर न्यायच्या. कुणी कुणाचं ओझं घ्यायचं नाही. दया म्हणून नाही, मैत्री म्हणून नाही. एका वर्षी एका पालकाने तक्रार केली, तेव्हा सर शांतपणे म्हणाले होते, “भाऊ, आपल्या छपराचं वजन ज्याले माहीत आहे, तो दुसऱ्याचं छप्पर पाडत नाई.” पालक नमस्कार करून निघून गेले. मला मात्र तेव्हा ते वाक्य जरा भाषणातलं वाटलं होतं.

आमची छपरं कोणती, तर आधी कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेले खाकी कॅनव्हासचे तंबू. उंदरांचा वास यायचा आणि भिजले की दोन माणसांना उचलत नसत. मग सरांनी वडशातला एक शिंपी गाठला. आमच्याकडे हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं गावोगाव फिरतात, त्यांचे पडदे हा शिंपी शिवायचा. कनात कशी ताणायची, शिवण कुठे दुहेरी घालायची, हे त्याला तोंडपाठ. पण कापड उरलंसुरलं मिळालं ते पडद्याचंच. तीन तंबू तयार झाले, त्यातल्या एकावर राजवाड्याचा सज्जा आणि दोन मोर. त्या तंबूत झोपायला मुलींमध्ये भांडणं लागायची. एकदा सागाच्या जंगलाकडेला आम्ही मुक्काम केला, तर सायकलवरून जाणारा वनरक्षक थांबला, उतरला आणि बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, “मास्तर, नाटक कितीले सुरू होते?” सर इतके हसले की खाली बसले. ते तसे हसलेले मला फार थोड्या वेळा आठवतात, म्हणून तो वनरक्षकही चांगला लक्षात आहे.

असे तंबू साडेचार-पाच किलोचे. तिघांत एक. एकाने कापड न्यायचं, दुसऱ्याने काठ्या, तिसऱ्याने खुंट्या आणि दोऱ्या.

प्रज्ञा ही सरांची एकुलती मुलगी. आमच्याच शाळेत. लांब मान, मोठे डोळे, आणि बापासारखीच सरळ बोलणारी. तिला सिकलसेल होता. आमच्या भागात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरटी नाही तरी गल्लीत एखादं लेकरू असतंच, ज्याची हाडं अचानक अशी दुखतात की ते ओरडतही नाही. थंडी बाधते, श्रम बाधतात, पाणी कमी पडलं तर बाधतं. सरांनी आणि वहिनींनी चौदा वर्षं त्या पोरीला तळहातावर तोलत वाढवलं, असं म्हटलं तर ते शब्दशः खरं आहे. सकाळी शाळेत निघताना सर तिला दोन्ही काखांत धरून उचलत. मोठी झाली तेव्हा तिला लाज वाटे, तरी उचलत. किलोभर कमी झालं की त्यांना दुपारपर्यंत शिकवणं सुचत नसे.

ती नववीत आली. नववी म्हणजे सहल. सर म्हणाले, गाडीतून ये, मुक्कामाला भेट. ती म्हणाली, चालत येईन. सर म्हणाले, बरं, तिघींत खुंट्या तुझ्याकडे. हे बोलणं स्टाफरूमच्या दारात चाललं होतं, मी वह्या तपासत होते.

“मले खुंट्या नाई पायजेत, बाबा,” ती म्हणाली. “खेळात मले पंच करते, नाटकात मले पडदा ओढाले देते, अन् आता खुंट्या. मी माझा तंबू नेतो. पुरा.”

“तुह्यानं होत नाई, बेटा.”

“मंग नियम काऊन केला?”

मी मान वर केली. सर खिशातली दोरीची गुंडाळी काढून सोडत आणि पुन्हा गुंडाळत होते. मला गंमत वाटली होती, हे आता लिहायला लाज वाटते.

सर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने बराच विचार करून सांगितलं, सपाट रस्ता असेल, सावकाश चालेल, तर पाठीवर तीन किलो चालतील. तीनच्या वर नाही. पाणी मात्र सतत हवं, दोन लिटर तर जवळ हवंच. सर तिथून थेट माझ्याकडे आले. वही काढली नाही, काही नाही. दोन बोटं दाखवली, म्हणाले, “पाणी.” मग एक बोट दाखवलं. “उरला एक किलो. पिशवी धरून. एक किलोत तंबू पायजे मॅडम.”

“एक किलोत तर चादर येते, सर,” मी म्हटलं.

“येईन जी. कोनीतरी बनवला असन.”

आणि मग या माणसाने तंबू शोधायला सुरुवात केली. शाळा सुटली की संगणकाच्या खोलीत. मोबाइलवर दुकानांची चित्रं मोठी करकरून बघायची. दोन पदरी, एक पदरी, खांब ॲल्युमिनियमचे की कसले, कापडाच्या एका चौरस मीटरचं वजन किती. दुकानदार खोटं सांगतात, खुंट्या धरत नाहीत, पिशवी धरत नाहीत, असा त्यांचा संताप. “याहीचा काटा कुठी आहे?” ते मला विचारत, जणू तो मी लपवला होता.

एका रविवारी ते मोहर्लीला गेले. ताडोबाच्या दाराशी येणाऱ्या पर्यटकांकडे नाना तऱ्हेचं सामान असतं, हे त्यांनी ऐकलेलं. सोबत मी आणि प्रज्ञा. तिथे एका झाडाखाली दूरच्या शहरातला एक तरुण आपला तंबू वाळत घालत होता. सर त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, नमस्कार केला आणि पिशवीतून ताणकाटा काढला. “भैया, बुरा मत मानना, इसको एक बार तौलने दोगे क्या?” तो मुलगा आधी घाबरला, मग हसला. चौदाशे ग्राम भरले. सरांनी आत जाऊन बघू का म्हणून विचारलं आणि बुद्धविहारात शिरावं तशा चपला बाहेर काढून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. प्रज्ञाने वाकून पाहिलं, तर ते आतल्या शिवणी बोटांनी चाचपत होते. “बाबा, निघा, त्याले जायाचं आहे,” ती म्हणाली. परतताना बसमध्ये सर तिला समजावत होते की दोन पदर असले की वजन वाढतं. एकच पदर असला आणि खांबाऐवजी आपल्या हातातली बांबूची काठी लावली, तर आपण किलोच्या आत येतो. ती लक्ष देऊन ऐकत होती. खिडकीतून ऊन येत होतं तिच्या गुडघ्यांवर. मी डुलक्या घेत होते.

दिवाळीच्या सुमाराला दोनच तंबू उरले. एक दोन पदरी, आतून जाळी, सोळाशे ग्राम. दुसरा एक पदरी, काठीवर उभा राहणारा, आठशे ऐंशी. सर आठ दिवस झुरले. दोन पदरी चांगला, हे त्यांना कळत होतं. पण सहाशे ग्राम कुठून काढायचे? पाण्यातून? त्यांनी मला इतक्या वेळा विचारलं की माझं डोकं उठलं. परीक्षेचे पेपर डोक्यावर होते.

“सर, तो हलका घ्या ना एकदाचा,” मी म्हटलं. “तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

त्यांनी तो घेतला. माझ्यामुळेच घेतला असं मी म्हणत नाही. पण बोलले मी होते.

तंबू आला आणि शाळेच्या मैदानावर सराव सुरू झाला. काट्याला लावून तीन किलोची पिशवी. ती पाठीला लावून प्रज्ञा मैदानाला फेऱ्या घालायची, दर फेरीला थांबून पाणी प्यायची, आणि सर घड्याळ घेऊन उभे. मग तंबू उभारायचा. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला, काठी दोनदा पडली. महिनाभराने अकरा मिनिटांवर आली. राखाडी हिरवा, एका टोकाला उंच आणि दुसऱ्याला उतरता, बसलेल्या सशासारखा दिसायचा. आत ती एकटीच मावायची. ती आत जाऊन चेन ओढून घ्यायची आणि आतून ओरडायची, “बाबा, घर झालं!”

डिसेंबरात आम्ही आलापल्लीकडे गेलो. सागाची पानं झडायला लागली होती, पायाखाली पापड मोडल्यासारखी वाजत. प्रज्ञा रांगेच्या मध्ये. तिसऱ्या किलोमीटरला तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसला म्हणून मी पुढे होऊन हळूच म्हटलं, “दे थोडा वेळ माझ्याकडे, बाबांना दिसत नाही.” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मागे घेतला. “मॅडम, मले माहीत राहीन ना,” ती म्हणाली. सर सगळ्यात पुढे होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्यांची मान किती ताठ झाली होती ते मागून आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मुक्काम एका गावाच्या शाळेच्या मैदानात, बाजूला नाला. प्रज्ञाने पिशवी उतरवली, पाणी प्यायली आणि तंबू उभारला. कुणी मदत केली नाही. सर दहा पावलांवर हात मागे बांधून उभे राहिले. शेवटची खुंटी ठोकून ती उठली आणि तिने हात झटकले, तेव्हा ते वळले आणि नाल्याकडे चालत गेले. मी काही विचारायला मागे गेले, तर फोनवर वहिनींना एवढंच सांगत होते, “उचललं तिनं. पुरं उचललं.” मी मागच्या मागे परतले.

आता जे सांगायचं ते भराभरा सांगते.

दिवस मावळला तसे नाल्यावरून डास आले. आमच्या भागात मलेरिया ही काही पुस्तकातली गोष्ट नाही. आमच्या घराघरातून तापाने माणसं गेलेली आहेत. तिन्हीसांजेला दारं लावायची, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायची, बोटभरही फट ठेवायची नाही, हे आम्ही चालायला शिकायच्या आधी शिकतो. त्या तंबूला वरच्या बाजूला एक झडप होती आणि खाली कापड जमिनीपासून चार बोटं उंच राहत असे. ते मुद्दाम तसं होतं. हवा खेळावी म्हणून. सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं, सरांनी तो कागद शंभरदा वाचला होता. पण डास कानाशी गुणगुणले आणि कागद आमच्या डोक्यातून गेला. सरांनी वरची झडप लावून टाकली. खालचं कापड चारी बाजूंनी आत दुमडून दाबलं, अगदी मच्छरदाणी खोचावी तसं. जिथे दबत नव्हतं तिथे मी बाहेरून ओंजळीने माती लावली. पाय देऊन घट्ट केली. “आता मुंगीबी जात नाई,” सर म्हणाले, आणि आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं.

माणूस श्वास सोडतो. त्या श्वासात पाणी असतं. बाहेर डिसेंबरची थंडी, आत कोंडलेली ऊब. हे नववीच्या विज्ञानात आहे.

सकाळी चेन उघडून ती बाहेर आली, केस कपाळाला चिकटलेले. “बाबा, आतमधी पाऊस पडला,” ती म्हणाली, हसतच. मी आत हात घातला. कापडाची आतली बाजू थेंबांनी भरली होती, ब्लँकेट ओलं गच्च, तिचे मोजे ओले. तिला मी माझी शाल दिली, शेकोटीजवळ बसवलं. आठ वाजता तिचे ओठ घट्ट मिटले. ती मांड्या धरून पुढे वाकली आणि तशीच राहिली. सरांनी तिला उचललं आणि गाडीकडे धावले.

सहा दिवसांनी ती दवाखान्यातून घरी आली. मी भेटायला गेले तर उशीला टेकून बोरं खात होती. “पुढच्या साली दहावी आहे म्हणून नेणार नाई म्हणते बाबा,” तिने माझ्याकडे तक्रार केली. “तुमी सांगा ना मॅडम. मी उचललं होतं का नाई?” मी म्हटलं, उचललं होतंस. सगळ्यांनी पाहिलं.

ऑगस्टमध्ये तिला ताप आला. छातीत जंतुसंसर्ग झाला आणि तीन दिवसांत ती गेली. डॉक्टरांनी सरांना समोर बसवून सांगितलं की डिसेंबरच्या त्या सकाळचा याच्याशी काही संबंध नाही, आठ महिने झाले, हा आजारच असा आहे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. तिला घरी आणलं तेव्हा त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही, स्वतः उचलून आत नेली. ठेवल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, “चार किलो कमी झाली, मॅडम.” अंगणात त्रिशरण-पंचशील सुरू झालं होतं. मी तोंडावर पदर धरून भिंतीकडे वळले.

सहल बंद पडली. कुणी बंद केली नाही, ताणकाटा कुणी टांगला नाही, एवढंच. सर शाळेत येत, शिकवत, घरी जात. वस्तू तोलायचं थांबलं. पुढच्या थंडीत एकदा वहिनी माझ्या घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. “मॅडम, तुमी या जी एकदा सकाळी. मी का सांगू त्याईले? माह्यं आयकत नाईत.”

मी गेले. सकाळचे सहा वाजले असतील. अंगणात तुळतुळीत सारवलेल्या जागेवर तो तंबू उभा होता, चारी बाजूंनी खोचलेला. चेन उघडून सर बाहेर आले, अंगात स्वेटर. माझ्याकडे लक्ष गेलं नाही. हातातल्या कोरड्या पंच्याने ते कापडाची आतली बाजू कोपऱ्याकोपऱ्यातून टिपत होते. मग पंचा पिळला, प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात. ते उजेडाकडे धरलं. पाणी किती आलं ते दाराच्या चौकटीवर खडूने लिहिलं. तिथे आधीच दोन रांगा होत्या. एकीवर ‘बंद’, दुसरीवर ‘उघडं’. खोचून झोपायचं एक दिवस, मोकळं ठेवून झोपायचं एक दिवस, आणि टिपायचं. वहिनी म्हणाल्या, दोन महिने झाले.

“हे पाहा,” सर मला म्हणाले, जणू आमचं बोलणं आधीच चालू होतं. “उघडं ठेवलं तं चौथाई बी येत नाई. खाली चार बोटं सोडाची होती. बस. चार बोटं.”

“सर, डॉक्टर म्हणाले ना…”

“डॉक्टरनं टिपून पाह्यलं का?”

मला रडू आलं. सांगायचं होतं ते वर्षभर छातीत होतं. “सर, माती मी लावली होती. पाय देऊन घट्ट केली. आणि हलका घ्या, असंही मीच म्हटलं होतं.”

ते थांबले. पंचा दोरीवर टाकला. मग माझ्याजवळ येऊन, वर्गातल्या चुकलेल्या मुलीशी बोलतात तसं हळू म्हणाले, “तुमी बाहेरून लावली, मॅडम. आतून खोचलं मी. तुमी घेऊ नका ते. माह्यं आहे.” ओझं कुणी कुणाचं घ्यायचं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही अपवाद केला नाही, आणि तेव्हाही केला नाही. मी त्यांच्यावर मनातून फार चिडले. दुःखाचा थोडा तरी वाटा द्यावा माणसाने. वहिनींनाही त्यांनी तो दिला नव्हता, म्हणून तर त्या माझ्या दारात उभ्या होत्या.

पुढे माझी बदली चंद्रपूरला झाली, सर निवृत्त झाले. फोनवर बोलणं व्हायचं, ते हवापाण्याचं.

शेवटचं भेटले ते वडशाच्या बसस्थानकावर, दुपारी. मी एका लग्नाला आले होते, ते ब्रह्मपुरीला दाताच्या डॉक्टरकडे निघाले होते. खूप वाळले होते. मला पाहून चेहरा उजळला. बाजूची जागा हाताने पुसून म्हणाले, “बसा जी, बसा. बरं झालं भेटल्या. तुमाले एक दाखवाचं आहे.”

मोबाइल काढला. काचेला तडा गेलेला. बोटाने चित्र मोठं केलं. तंबू होता. केशरी.

“नवीन निघाला. दोन पदरी आहे. आत पुरी जाळी, डास जात नाई अन् हवा बंद होत नाई. अन् वजन पाहा. नऊशे दहा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पूर्वीची ती धार. “पिशवी धरून. मी दुकानदाराले फोन करून काट्यावर ठेवाले लावला.”

“छान आहे, सर,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“छान आहे ना? नव्वद ग्राम उरते, मॅडम. दोन किलो पाणी नेऊन नव्वद ग्राम उरते.” ते थोडे पुढे झुकले. “मी चार दिवस इचार करून राह्यलो. नव्वद ग्रामात का देता येईन तिले?”

आजूबाजूला माणसं होती. कुणी शेंगा खात होतं, कुणाचं लेकरू रडत होतं. मला वाटलं, आता म्हणावं, सर, नका हो. त्यांचा हात धरावा आणि म्हणावं, ती नाही. पण ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते, आणि इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच मला कशाचा तरी वाटा मागितला होता.

मी विचार केला. खरोखर केला.

“मोजे, सर,” मी म्हटलं. “कोरड्या मोज्यांचा एक जोड.”

सरांनी मान हलवली. डावा तळहात वर केला, उघडा, रिकामा, आणि किंचित खाली-वर केला.

“साठ ग्राम,” ते म्हणाले. “लोकरीचे घेतले तं साठ.”

ब्रह्मपुरीची गाडी लागली. ते उठले, पिशवी घेतली, गर्दीतून चढले. खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा त्यांनी गजांतून तोंड बाहेर काढून मला हाक मारली. “मॅडम! अजून तीस उरते जी!”

मी हात वर केला. गाडी वळेपर्यंत तो तसाच धरून उभी राहिले.